समजून घ्या : डंबेल्स की मशीन? औंधच्या राजाने १० वर्षं दोन्ही वापरून पाहिलं, मग काय ठरवलं?

नायगाव, भोईवाडा, दादर पूर्व या पट्ट्यात आज दोन प्रकारच्या व्यायामशाळा दिसतात. एक जुनी, चाळीच्या तळमजल्यावरची. तिथे लोखंडी प्लेट्स, दोन-तीन बार, एक बेंच, कोपऱ्यात मुद्गल आणि भिंतीवर मारुतीचा फोटो. दुसरी नवी, काचेच्या दरवाजाची, एसीची. तिथे बसायला गादी आणि वजन निवडायला पिन असलेल्या मशीनची रांग. फीमध्ये कित्येक पटींचा फरक. आणि इथल्या बहुतेक पोरांच्या डोक्यात एकच प्रश्न : ताकद कशाने वाढते? सुट्ट्या वजनांनी, म्हणजे फ्री वेट्सनी, की मशीनने?

यावर रील्सचा पूर आहे. एक कोच मशीनला खुर्चीतला व्यायाम म्हणून हिणवतो, दुसरा बारबेलने कंबर जाते म्हणून घाबरवतो. पण हा वाद इन्स्टाग्रामने जन्माला घातलेला नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी सातारा भागातल्या एका राजपुत्राने लंडनच्या एका पहिलवानाचं सगळं साहित्य विकत घेतलं. त्यात हाताने पेलायचे डंबेल्स होते आणि दाराला टांगायचं रबरी यंत्रही. त्यांनी ते १० वर्षं नेमाने वापरलं. नंतर दोन्ही बाजूला ठेवून त्यांनी तिसराच रस्ता धरला आणि तो सगळ्या देशाला शिकवला.

हे होते औंध संस्थानचे श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. आज शाळेच्या मैदानावर जो सूर्यनमस्कार घालतात, तो व्यायाम म्हणून घरोघर पोहोचवण्यात या माणसाचा वाटा फार मोठा आहे.

आधी सँडो कोण, ते बघू

तुमच्या कपाटात सँडो बनियन असेल. बिनबाह्यांच्या बनियनला आपण सँडो म्हणतो ते एका खऱ्याखुऱ्या माणसावरून. युजेन सँडो. जन्म १८६७ चा, प्रशियातल्या क्योनिग्सबर्ग शहरातला. मूळ नाव फ्रिडरिश विल्हेल्म म्यूलर. १८८९ मध्ये लंडनच्या रंगमंचावर सॅम्पसन नावाच्या नामांकित ताकदवीराला हरवून तो रातोरात प्रसिद्ध झाला. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनाच्या वेळी त्याचे खेळ पाहायला झुंबड उडायची. साखळी तोडणं, माणसांनी भरलेली फळी अंगावर पेलणं असले प्रकार तो करायचाच, पण लोक तिकीट काढून नुसतं त्याचं शरीर पाहायलाही यायचे.

पुढे त्याने या लोकप्रियतेचा धंदा केला. १८९७ मध्ये लंडनला व्यायामसंस्था काढली. त्याच वर्षी ताकद कशी कमवावी यावरचं त्याचं पुस्तक आलं. मासिक आलं, टपालाने शिकवणी आली आणि टपालाने साहित्यही. १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने शरीरसौष्ठव स्पर्धा भरवली. शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉईल तिथे परीक्षक होते. आपल्याकडच्या मुंबई श्री, महाराष्ट्र श्री या स्पर्धांची पणजी म्हणा हवं तर. १९०४-०५ मध्ये तो भारतात आला, मुंबईतही त्याचे खेळ झाले.

म्हणजे आजचा फिटनेस इन्फ्लुएन्सर जे जे करतो, ते सगळं या गड्याने टपालखात्याच्या जोरावर करून ठेवलं होतं. ऑनलाइन कोर्स, स्वतःचा ब्रँड, स्वतःचं साहित्य, सगळं.

त्या पेटाऱ्यात काय होतं?

इथे थोडं थांबायला हवं, कारण प्रश्नाचं मूळ इथेच आहे.

सँडोच्या साहित्यात दोन मुख्य गोष्टी होत्या. एक, स्प्रिंगचे डंबेल्स. डंबेल उभा चिरून त्याचे दोन भाग केलेले, मध्ये छोट्या स्प्रिंगा बसवलेल्या. व्यायाम करताना मूठ घट्ट आवळून ते दोन भाग एकमेकांना टेकवून धरायचे. मूठ सैल पडली की भाग लगेच दूर होणार. म्हणजे वजन हलकं असलं तरी मनगट आणि पंजा सतत ताणलेला राहतो, लक्ष दुसरीकडे जात नाही. ताकद वाढली की स्प्रिंगा वाढवायच्या.

दुसरी वस्तू म्हणजे डेव्हलपर. दाराला किंवा भिंतीला अडकवायच्या रबरी दोऱ्या, कप्पी आणि हातात धरायच्या मुठी. आज जिममध्ये केबल मशीन असते आणि ऑनलाइन मिळणारे रेझिस्टन्स बँड असतात, त्या दोघांचा हा पूर्वज.

आता इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षातलं मेकॅनिक्स आठवा. (आम्ही ते पास होण्यापुरतं केलं होतं, पण इथे पुरेसं आहे.) हातात साधा डंबेल घेऊन कोपरातून वर उचललात, तर वजन बदलत नाही, ओढ नेहमी जमिनीकडेच असते. पण कोपरावर येणारा टॉर्क बदलतो. हात खाली लोंबताना तो जवळपास शून्य, पुढचा हात जमिनीला समांतर असताना सर्वांत जास्त, आणि डंबेल खांद्याशी आला की पुन्हा कमी. म्हणून मधला टप्पा जड जातो.

रबराचं गणित वेगळं. ते जितकं ताणाल तितकं उलट ओढतं. सुरुवात सोपी, शेवट जड. शिवाय ओढ जमिनीकडे नसते, दोरी जिथे बांधली त्या दिशेला असते. त्यामुळे आडवं ओढता येतं, वरून खाली खेचता येतं. हातातल्या डंबेलने उभं राहून ते जमत नाही, त्यासाठी वाकावं किंवा झोपावं लागतं.

आधुनिक मशीनवाल्यांनी पुढे हाच प्रश्न सोडवला. अमेरिकेत १९७० मध्ये आर्थर जोन्स यांनी नॉटिलस मशीन बाजारात आणलं. त्यात गोल चाकाऐवजी वाकडातिकडा कॅम होता, म्हणजे हालचालीच्या प्रत्येक टप्प्यावर स्नायूच्या क्षमतेप्रमाणे भार कमी-जास्त व्हावा. मशीन हालचालीचा मार्ग ठरवून देतं, तोल सांभाळायचं काम स्वतःकडे घेतं. डंबेल दोन्ही कामं तुमच्यावर टाकतो. सगळा वाद शेवटी एवढ्याच फरकावर उभा आहे.

राजपुत्र आणि सँडो

भवानरावांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. म्हणजे सँडोपेक्षा ते जेमतेम दीड वर्षाने लहान. प्रतिनिधी हे पद छत्रपती राजाराम महाराजांच्या काळापासूनचं. औंध हे त्या घराण्याचं गाव, डोंगरावर यमाईचं देऊळ असलेलं, आजच्या सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातलं. संस्थान लहान आणि विखुरलेलं. आटपाडीचा दुष्काळी माणदेश त्यात होता आणि कृष्णाकाठच्या बाजूचं कुंडलही.

भवानराव गादीचे थेट वारस नव्हते. वडील श्रीनिवासराव, नंतर मोठे भाऊ, मग पुतण्या, असा क्रम लागला. त्यामुळे त्यांना पुण्यात डेक्कन कॉलेजात शिकायला, पदवी घ्यायला, चित्रकला आणि कीर्तनात रमायला मोकळीक मिळाली. राजघराण्यातल्या माणसाने टाळ-चिपळ्यांच्या साथीने उभं राहून कीर्तन करणं त्या काळी अनेकांना चमत्कारिक वाटलं असेल, पण ते करायचे आणि उत्तम करायचे.

१८९७ मध्ये, वयाच्या अठ्ठावीस-एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी सँडोची पुस्तकं आणि साहित्य मागवलं. म्हणजे लंडनमध्ये सँडोची संस्था निघाली, त्याच वर्षी त्याचं सामान सातारा भागात पोहोचलं होतं. जागतिकीकरण हा शब्द तेव्हा कोणी ऐकलाही नसेल.

त्यानंतरची १० वर्षं त्यांनी सँडोच्या पद्धतीप्रमाणे व्यायाम केला. हे त्यांनी स्वतः पुढे पुस्तकात नोंदवून ठेवलं आहे. मला या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा तपशील हाच वाटतो. तीन महिन्यांची ऑफर घेऊन सहाव्या आठवड्यात जिम सोडणाऱ्यांच्या मताला आणि १० वर्षं एका पद्धतीला दिलेल्या माणसाच्या मताला एकाच तागडीत कसं तोलणार?

मिरजेहून आलेला सल्ला

साधारण १९०८ च्या सुमारास बदल झाला. मिरजेचे अधिपती गंगाधरराव ऊर्फ बाळासाहेब पटवर्धन हे सूर्यनमस्कार घालायचे. त्यांच्या सांगण्यावरून भवानरावांनी नमस्कार सुरू केले आणि सँडोची पद्धत सोडली. वय तेव्हा चाळिशीचं.

नमस्कार महाराष्ट्राला नवे नव्हते. समर्थ रामदासांच्या परंपरेत नमस्कारांचं महत्त्व सांगितलं जातं, पहिलवान जोर-बैठका मारत, घरोघर देवापुढे साष्टांग नमस्कार घालत. पण उपासना म्हणून नमस्कार घालणं वेगळं आणि रोजची शरीर कमावण्याची पद्धत म्हणून त्याची मांडणी करणं वेगळं. भवानरावांनी हे दुसरं काम केलं. त्यांनी नमस्काराचे १० टप्पे ठरवले. (आज बहुतेक ठिकाणी १२ शिकवतात.) कुठे श्वास घ्यायचा, कुठे सोडायचा, हात-पाय कुठे टेकायचे, बीजमंत्र कसे म्हणायचे, हे सगळं बसवलं. आणि मग स्वतः रोज घालायला सुरुवात केली, तीही शेकड्याने.

पुढच्याच वर्षी, ४ नोव्हेंबर १९०९ रोजी, पुतण्याला पदच्युत केल्यानंतर इंग्रजांनी त्यांना गादीवर बसवलं. चाळिशी ओलांडलेला, नुकतीच व्यायामाची पद्धत बदललेला, कीर्तन करणारा, चित्रं काढणारा पदवीधर माणूस औंधचा राजा झाला.

यंत्र सोडलेल्या राजाने यंत्रवाल्याला जागा दिली

याच सुमाराची एक गंमत. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्कर नावाचे शिक्षक होते. हक्काची बढती दुसऱ्याला दिली गेली म्हणून त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावात कारखाना काढला. तिथली जागा गेल्यावर ते अडचणीत सापडले. तेव्हा भवानरावांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जमीन दिली. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगरापासून पंपांपर्यंतचा पुढचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणजे भवानराव यंत्रद्वेष्टे नव्हते. औंधच्या भूमीवर ओतीव लोखंडाला त्यांनीच आसरा दिला. शरीरासाठी मात्र त्यांना लोखंड नको झालं होतं.

का नको झालं असेल? त्यांच्या पुढच्या प्रचारात एक मुद्दा पुन्हा पुन्हा येतो. नमस्काराला साहित्य लागत नाही, पैसा लागत नाही, जागा लागते ती माणूस आडवा झोपेल एवढी. बाई, पुरुष, पोर, म्हातारा, कोणीही घालू शकतो. लंडनहून मागवलेले स्प्रिंगचे डंबेल्स राजपुत्राला परवडतात, आटपाडीच्या मेंढपाळाला परवडत नाहीत. नुसत्या स्वतःच्या शरीराचा विचार करणारा माणूस सँडोवर थांबलाही असता. पण गादीवर बसल्यावर प्रश्न हजारो प्रजाजनांचा झाला.

हा हिशोब नायगावकराला समजावून सांगायची गरज नाही. बीडीडी चाळीची खोली १६० चौरस फुटांची. १९२० च्या दशकात या चाळी उभ्या राहिल्या आणि त्या खोलीत आठ-दहा माणसं राहायची. तिथे बारबेल कुठे ठेवणार? गॅलरीत जोर मारायचे, नाहीतर तळमजल्याच्या व्यायामशाळेत जायचं. पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर मिळालं, तरी त्यात लेग प्रेस मशीन कोणी आणत नाही.

राजाज्ञा आणि शाळेची घंटा

गादीवर आल्यानंतर नमस्कार हा औंधमध्ये राज्यकारभाराचा भाग झाला. संस्थानच्या शाळांत नमस्कार सक्तीचे झाले. मुलींसाठीही. राणीसाहेबही घालायच्या आणि घराण्यातली मुलंही. राजा स्वतः गावोगाव जाऊन प्रात्यक्षिक दाखवायचे. प्रजेला कर भरायला लावणारे राजे पुष्कळ झाले, समोर उभं राहून व्यायाम करून दाखवणारा राजा विरळाच.

पण सक्ती ती सक्तीच. नमस्कार घालायचा की नाही हे पोराने ठरवायचं नव्हतं, आणि मंत्र म्हणत घालायचा असल्यामुळे त्याला धर्माचा रंग होता. हा व्यायाम की उपासना, हा वाद आजही शाळांत उठतो, त्याची सुरुवात त्या काळापर्यंत मागे नेता येते. भवानरावांच्या मनात ही दोन अंगं वेगळी नव्हतीच. मंत्राच्या उच्चाराने छाती आणि पोटावर परिणाम होतो, असं ते मानत. बीजमंत्रांच्या त्या फायद्याला आज आपण म्हणतो तसा वैज्ञानिक पुरावा त्यांच्याकडे नव्हता. मोठ्याने लांब उच्चार केला की श्वास लांब सुटतो, एवढं मात्र कोणीही करून पाहू शकतं.

१९२८ मध्ये सूर्यनमस्कारावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. १९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले, तेव्हा ६७ वर्षांच्या या राजाची तब्येत पाहून तिथल्या पत्रकारांना आश्चर्य वाटलं. लुईस मॉर्गन या पत्रकार महिलेने त्यांच्या पद्धतीचा पाठपुरावा केला आणि तिच्या संपादनाखाली १९३८ मध्ये लंडनहून त्यांचं पुस्तक निघालं. नावातच आरोग्याच्या १० टप्प्यांचा उल्लेख होता. १८९७ मध्ये लंडनहून औंधला व्यायाम आला होता, ४१ वर्षांनी औंधहून लंडनला गेला. सँडो ते पाहायला नव्हता, तो १९२५ मध्येच वयाच्या ५८ व्या वर्षी वारला होता.

इथे एक गोष्ट नोंदवायलाच हवी. सँडोची स्वतःची ताकद टपालाने विकलेल्या हलक्या डंबेल्समधून आलेली नव्हती. प्रोफेसर अटिला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुरूकडे तो भरपूर जड वजनांवर तयार झाला होता. गिऱ्हाइकांना मात्र त्याने हलकं, सुटसुटीत, पाकिटात मावणारं साहित्य विकलं. त्यामुळे भवानरावांनी १० वर्षं जे केलं ती सँडोची विक्रीची पद्धत होती, सँडोला घडवणारी नव्हे. एखादा अभिनेता कुठल्यातरी पावडरची जाहिरात करतो आणि त्याचा खरा आहार वेगळाच असतो, तसंच हे.

मग राजाचं बरोबर होतं का?

अर्धं. आणि हे अर्धं कोणतं ते नीट पाहायला हवं, कारण आजही सूर्यनमस्कार म्हणजे सगळ्यावर उपाय असं सांगणारे खूप आहेत. भवानराव स्वतः त्यात आघाडीवर होते. पचनापासून दृष्टीपर्यंत आणि बाळंतपणापासून म्हातारपणापर्यंत त्यांनी नमस्काराच्या नावावर बरंच काही जमा केलं.

नमस्कारात शरीर हेच वजन. हात टेकून आडवं झाल्यावर शरीराच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग हातांवर येतो. म्हणजे ७० किलोच्या माणसाला खाली-वर होताना ४५ किलोच्या आसपास ढकलावं लागतं. नवख्याला हे कमी नाही. छाती, खांदे, दंडाची मागची बाजू, पोट यांना चांगलं काम मिळतं. पाठ, मांडीची मागची शीर, पोटऱ्या ताणल्या जातात. सलग घातले तर दम लागतो, म्हणजे हृदयालाही काम मिळतं.

पण दोन गोष्टी त्यात नाहीत. पहिली, ओढणं. नमस्कारात कुठेच काही स्वतःकडे खेचावं लागत नाही. पाठीचे रुंद स्नायू आणि दंडाचा पुढचा स्नायू त्यात फारसे तयार होत नाहीत. जुन्या तालमीत हे काम दोरावर चढण्याने आणि मल्लखांबाने व्हायचं, सँडोच्या डेव्हलपरनेही व्हायचं. दुसरी गोष्ट म्हणजे वाढता भार. स्नायूला ताकद वाढवायला दर काही आठवड्यांनी आधीपेक्षा जास्त ओझं लागतं. नमस्कारात ओझं वाढत नाही, संख्या वाढते. २५ चे १०० झाले की दमसास वाढतो, पण एका झटक्यात जास्तीत जास्त वजन उचलायची ताकद त्या प्रमाणात वाढत नाही. पायांना तर ते कमीच पडतं.

याचं महत्त्व वयाबरोबर वाढतं. तिशीनंतर दर दशकाला साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. जिना चढणं, कमोडवरून उठणं, लोकलचा दांडा पकडून चढणं हे सगळं त्या उरलेल्या स्नायूंवर अवलंबून असतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत प्रौढांनी आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा, असं स्पष्ट म्हटलं आहे. वजन कशाचं असावं, यावर त्यांनी बंधन घातलेलं नाही.

आणि डंबेल की मशीन? त्याचं काय?

२०२३ मध्ये नॉर्वेच्या संशोधकांनी यावरचे आधीचे अभ्यास एकत्र करून विश्लेषण प्रसिद्ध केलं. निष्कर्ष असा की, स्नायूंचा आकार वाढण्यात सुट्टी वजनं आणि मशीन यांच्यात ठोस फरक दिसत नाही. ताकदीत फरक दिसतो, पण तो कशावर मोजता त्यावर अवलंबून असतो. मशीनवर सराव केला तर मशीनवरची ताकद जास्त वाढते, बारबेलवर केला तर बारबेलवरची.

नायगावच्या पोलीस मुख्यालयाच्या मैदानाभोवती भरतीची तयारी करणारी पोरं दिसतात. त्यांच्यासाठी हा निष्कर्ष पुस्तकी नाही. भरतीत पुरुषांना ७.२६० किलोचा गोळा फेकावा लागतो. गोळा हे सुटं वजन आहे. तो फेकताना पाय जमिनीला ढकलतात, कंबर वळते, मग खांदा आणि शेवटी मनगट. चेस्ट प्रेस मशीनवर पाठ टेकून बसलं की पाय आणि कंबर सुट्टीवर जातात. छाती तयार होईल, पण ती ताकद गोळ्यात उतरवायला गोळाच फेकावा लागेल. गोविंदा पथकातल्या खालच्या थरातल्या गड्याचंही तसंच. त्याच्या खांद्यावरचं ओझं डोलतं, मशीनचं डोलत नाही.

उलट, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी व्यायाम सुरू करायला सांगितलेली पन्नाशीची बाई, किंवा ६५ वर्षांचे निवृत्त गिरणी कामगार ज्यांचा तोल थोडा जातो, त्यांना खांद्यावर बार देऊन उठाबशा काढायला लावणं हा मूर्खपणा. त्यांच्यासाठी लेग प्रेस किंवा सीटेड रो चांगलं. बसायला आधार आहे, वजन पिनेने एकेक घर वाढवता येतं, हातातून काही पायावर पडणार नाही. शिकवायला जाणकार नसेल तर नवख्या तरुणानेही दोन-तीन महिने मशीनवर काढले, तर त्यात कमीपणा नाही. मात्र आपल्याकडच्या कित्येक मशीन उंचापुऱ्या पाश्चात्त्य माणसाच्या मापाच्या असतात. सीट पुरेशी खाली येत नसेल किंवा मशीनचा सांधा तुमच्या गुडघ्याच्या रेषेत बसत नसेल, तर ती मशीन तुमच्यासाठी नाही. ट्रेनर काहीही म्हणो.

जागा आणि पैसा दोन्ही नसेल तर एक डंबेल जोडी, एक रबरी बँड आणि नमस्कार यांवर बरंच भागतं. गंमत अशी की ही यादी म्हणजे भवानरावांनी १८९७ मध्ये घेतलेलं आणि १९०८ मध्ये धरलेलं, असं सगळं मिळून होते. त्यांनी एक सोडून दुसरं धरलं. तसं करायची सक्ती आपल्यावर नाही.

राजाचे शेवटचे दिवस

नमस्कारापलीकडे भवानरावांनी केलेल्या कामांची यादी मोठी आहे. त्यांनी स्वतः चित्रं काढून रामायणाचा सचित्र ग्रंथ केला. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला आर्थिक पाठबळ दिलं. १९३५ मध्ये ते इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. औंधच्या यमाईच्या डोंगरावर १९३८ मध्ये त्यांनी उभारलेलं चित्रसंग्रहालय आजही पाहता येतं. तिथे राजा रविवर्म्यांची चित्रं आहेत आणि चक्क हेन्री मूरचं शिल्पही. आटपाडीजवळ त्यांनी कैद्यांची खुली वसाहत वसवली, स्वतंत्रपूर. त्या प्रयोगावरूनच पुढे व्ही. शांताराम यांनी दो आँखें बारह हाथ काढला, आपल्या शेजारच्या परळमधल्या राजकमलचा. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर औंध संस्थानातलेच, औंधच्या शाळेत शिकलेले. तेव्हा गदिमांनीही लहानपणी शाळेत नमस्कार घातले असणार, असं मानायला हरकत नाही.

जानेवारी १९३९ मध्ये महात्मा गांधींच्या सल्ल्याने तयार झालेली राज्यघटना त्यांनी लागू केली आणि कारभार ग्रामपंचायतींच्या हाती दिला. त्यात त्यांचे पुत्र आप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले इंजिनीअर मॉरिस फ्रीडमन यांचा मोठा हात होता. राजा स्वतःहून सत्ता सोडतो, हे संस्थानी भारताने फारसं पाहिलेलं नव्हतं. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं.

१३ एप्रिल १९५१ रोजी भवानराव गेले, तेव्हा त्यांचं वय ८२ होतं. त्या काळात भारतात माणूस सरासरी पस्तिशीही धड गाठत नव्हता. अर्थात राजवाड्यातलं अन्न, पाणी आणि औषधं सगळ्यांना मिळत नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय नमस्कारांना देऊन टाकायचं कारण नाही.

आप्पासाहेब पुढे स्वतंत्र भारताचे राजनैतिक अधिकारी झाले, पूर्व आफ्रिकेपासून लंडनपर्यंत अनेक ठिकाणी त्यांनी देशाचं प्रतिनिधित्व केलं. वडिलांच्या आज्ञेने लहानपणापासून घातलेले नमस्कार त्यांनी सोडले नाहीत. १९७० मध्ये त्यांनीही सूर्यनमस्कारावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी अमेरिकेत नॉटिलसची पहिली मशीन विक्रीला आली होती.